पुलाखालचे बुडबुडे

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला आज नीट झोप लागली असती.

नोव्हेंबरातला रविवार. इंग्लंडात, लिंकनशायरमधलं आमचं सपाट, पाणथळ गाव.

माझा धाकटा भाऊ फेलिक्स माझ्याकडेच राहायचा. चाळिशीचा घोडा, पण खेळ इवल्याशा सैनिकांच्या लढायांचा. त्यातही खरं वेड टेबलावरच्या रणभूमीचं. फोमच्या टेकड्या, चहाच्या चोथ्याचा चिखल, जुन्या बाजारातून जमवलेली, पुन्हा रंगवलेली घरं. गॅरेजमध्ये गाडीला जागाच उरली नव्हती.

त्या सकाळी त्याने आमच्याच गावाची रणभूमी पुरी केली. शेवटी नदीत पाणी म्हणून पातळ, पारदर्शक रेझिन ओतलं.

"हात लावू नकोस हं, हेस्टर. उद्यापर्यंत काचेसारखं घट्ट होईल. तुझ्या पुडिंगसारखं नाही!"

हसत फिरायला गेला, तो जेवायला आलाच नाही.

भाजलेलं मटण थंड झालं. त्याचा फोन घरातच वाजत होता. दुपारी सगळं गाव शोधायला निघालं. शेतं पालथी घातली. तो परत आलाच तर, म्हणून मी घरी थांबले.

तेवढ्यात गॅरेजमधून आवाज आला...

गुळूक.

मी दिवा लावला. कोणीच नव्हतं.

पुन्हा... गुळूक.

टेबलावरच्या नदीत, पुलाखालून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही... आणि पुन्हा एक.

कोणीतरी खालून श्वास सोडत होतं.

मला वेडी म्हणा. पण मला आतून कळलं. माझा भाऊ पाण्याखाली होता, आणि अजून जिवंत होता.

गावात पूल एकच. मी घरातल्या सपातांवरच धावत सुटले. वाटेत त्याचा मित्र डंकन भेटला, त्यालाही ओढत नेलं. पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात शिरले. हातांनी गाळ उपसला. घसा फाटेपर्यंत हाका मारल्या.

काहीच हाती लागलं नाही.

"बाहेर ये गं, गारठून मरशील! इथंच का शोधतेयस?"

"त्याच्या टेबलावर... पुलाखालून बुडबुडे येतायत, डंकन!"

तो हसला नाही. तोही तोच खेळ खेळणारा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं हेस्टर... ते आजचं गाव नाहीये! लढाई ज्या काळातली, गाव त्या काळातलं मांडतो आम्ही. जुना नकाशा बघून. तेव्हा नदी इथून वाहतच नव्हती."

"मग पूल कुठे होता? बोल ना!"

"चर्चच्या मागे. आता तिथं बीटचं शेत आहे."

आम्ही पळालो. चर्च एवढं लांब कधीच वाटलं नव्हतं.

फेलिक्स शेताच्या मधोमध पालथा पडला होता. भोवतालची माती कोरडी. तो मात्र नखशिखांत चिंब. डंकन त्याची छाती दाबत राहिला, आणि तोंडातून पाणी येत राहिलं... हिरवं, शेवाळलेलं पाणी.

डॉक्टर म्हणाले, बुडून मृत्यू.

त्याच शेतातून दुपारी सगळं गाव शोधत गेलं होतं. तेव्हा तिथं कोणीही नव्हतं. हे कसं घडलं, मला ठाऊक नाही. आता विचारतही नाही.

मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे...

मी त्याला कवेत घेतलं, तेव्हा त्याचं अंग अजून गरम होतं.