मागच्या दाराची बाई

त्या दुपारी मी साधं दूध आणायला निघाले होते. घराबाहेर पाय काही पडला नाही. का ते ऐका.

मच्छीमारांचं जुनं गाव ते. आता तिथल्या होड्यांत फुलझाडं लावलीत आणि जाळी वाळत घालायच्या जागी पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात. पाण्यालगतचं एक दगडी घर आम्ही तीन दिवसांसाठी घेतलं होतं. मी, नवरा आणि सासूबाई. गीझर बंद, मोबाईलला रेंज फक्त स्वयंपाकघरात, आणि त्यात ही बाई!

सकाळपासून तिसऱ्यांदा ती मागच्या दारातून स्वयंपाकघरात येऊन उभी. म्हातारी, केस ओले, अंगाला खारट, कुजकट वास.

"मुलं आली का गं?"

"कोणाची मुलं, मावशी? घर चुकलात तुम्ही."

मुकाट्याने जायची. कडी लावली तरी तासाभरात पुन्हा हजर. नवरा म्हणाला, "काहीतरी सांग आणि घालव ना!"

चौथ्यांदा आली तेव्हा माझ्या हातात पिशवी, बाहेर धुकं दाटत आलेलं, दुकान बंद व्हायची वेळ. माझं डोकंच फिरलं.

"मुलं आली का गं?"

"आली! सगळी आली! जा आता एकदाची!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी गोड हसली, की माझी मलाच लाज वाटली. वळून धुक्यात गेली. पावलं वाजली नाहीत...

मी तिथूनच घरमालकाला फोन लावला. गीझरची तक्रार त्याने निमूट ऐकली. बाईचं सांगितलं तसं त्याने मला मधेच तोडलं.

"तुम्ही काय म्हणालात तिला?"

"आली म्हटलं. कटकट मिटावी म्हणून."

"ताई... आम्ही तिला 'अजून नाही' म्हणतो. माझे आजोबाही तेच म्हणायचे." त्याचा आवाज खाली गेला. "तिचे दोन मुलगे याच घरातून समुद्रावर गेले होते. सामान राहू दे. आत्ताच्या आत्ता निघा..."

मी वळले, तर नवराच वैतागून दारात उभा.

"अगं, दोन माणसं आलीत. चिंब भिजलेली, सगळा सोफा खराब केला! आईला विचारत होती, म्हणून बसवलं."

"कोणाच्या आईला?" मी विचारलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"केवढी वाट बघायला लावलीत रे..."