शून्याचा रकाना

दंतवैद्य गोल्फ क्लबच्या ऑफिसात शिरला तेव्हा त्याच्या बुटांना ओलं गवत चिकटलेलं होतं, आणि ती नेमकं त्याचंच नाव यादीतून खोडून पेन खाली ठेवत होती.

क्लबात सगळे तिला बेरीजबाई म्हणत. महिन्याच्या पटिंग स्पर्धेचे आकडे तीच तपासायची. खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर ज्याचे फटके सगळ्यांत कमी, तो जिंकला. दंतवैद्याचे एकतीस होते, वकीलसाहेबांचे बत्तीस. पण दंतवैद्याच्या कार्डावर एका फटक्याचे पाच होल, दोनाचे दहा, तिनाचे दोन... झाले सतरा. होल असतात अठरा. तिने कार्ड बाद केलं आणि फळ्यावर वकीलसाहेबांचं नाव लावून टाकलं.

त्याने आवाज चढवला नाही. सातव्या होलपर्यंत येता का, एवढंच विचारलं. ती छत्री घेऊन निघाली.

तिथे त्याने बुटाच्या टोकाने हिरवळीची कड दाखवली. "चेंडू इथे होता. कडेच्या बाहेर, लांब गवतात. इथूनच मारला, तो थेट खड्ड्यात."

"म्हणजे हिरवळीवर..."

"एकही फटका नाही. तुमच्या फॉर्मवर एक, दोन, तीन आहेत. शून्य कुठे लिहायचं, ते काही मला कळलं नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फॉर्म तिनेच आखला होता.

सेक्रेटरीकाका म्हणाले, लागलं नाव ते लागलं, एका कपासाठी कोण डोकं पिकवतंय. तिने ऐकलं नाही. शनिवारी भरल्या हॉलमध्ये उभी राहून तिने आपली चूक सांगितली, वकीलसाहेबांची माफी मागितली आणि कप दंतवैद्याच्या हाती दिला. वकीलसाहेब तोंड फुगवून बसले. दंतवैद्य मात्र कपाकडे बघतच नव्हता.

त्यानंतर तो दर शनिवारी सरावाचं कार्डही कार्डांच्या पेटीत न टाकता तिच्या टेबलाशी आणून द्यायचा. मग चहा व्हायचा, कधी दुसराही. घरी धाकटा भाऊ तिची टर उडवायचा, की ताई, इतके धडधाकट दात असून दर आठवड्याला दंतवैद्याला भेटणारी तूच.

एका शनिवारी त्याचे एकोणचाळीस झाले. तिने दोनदा मोजले.

"इतके कसे?"

"लक्ष नसतं हल्ली. सारखं या खिडकीकडे जातं." त्याने टोपी काढून हातात धरली. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमची हरकत नसेल तर... असली तरी सांगा. पुढच्या वेळी कार्ड पेटीत टाकीन."

तिने पेनाला टोपण लावलं. घाईने उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. पण इथे तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आईशी आधी मी बोलते," ती म्हणाली. "तू रविवारी ये."

'तू' तोंडातून निघून गेलं होतं.

मग तो हळूच म्हणाला, "किती वाजता येऊ, ते सांग ना."