दोघांपैकी कुणीही

रेवती कर्णिकला पापलेट निवडता येत नाही, हे वेसाव्याच्या बाजारात सगळ्यात आधी कळलं ते कृणालला.

त्या रविवारी तिच्या बाबांचा पाय मुरगळला होता. एरवी मासळी आणायचा मान मधुकररावांचा. आज पिशवी रेवतीच्या हाती आली. कोळीण कमळबाईंच्या पाटीसमोर बसून तिनं एका पापलेटाला बोट लावलं आणि उगाच जाणकारासारखी मान हलवली.

"घे गो पोरी, आजचाच हाय," कमळबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांच्या मागे कुणीतरी बर्फाची पेटी टेकवली. रेवतीनं वर पाहिलं. सावळा, उंच, केसांत बर्फाचा चुरा... आणि भुवई वर चढलेली. त्यानं हळूच मान हलवली. नको.

रेवतीचा हात दुसऱ्या पापलेटावर गेला. पुन्हा तीच मान. नको.

तिसऱ्यावर गेला, तेव्हा त्यानं डोळे मिटून उघडले. एवढंच! पण रेवतीनं ते पापलेट लगेच उचललं.

"हे द्या," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

कमळबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "कृणाल, तू माझा पोर हायस का हिचा भाऊ?"

"भाऊ नको, आई," तो म्हणाला. "बाकी काय पण बोल!"

रेवतीचे कान लाल झाले. पैसे देऊन ती उठली ती सुटे परत घ्यायचंच विसरून.

पुढच्या रविवारी बाबांचा पाय बरा होता. तरी रेवती म्हणाली, "तुम्ही आराम करा हो, मी जाते." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी मधुकररावांनी फ्रीज उघडून विचारलं, "अगं, एवढे मासे खाणार कोण?" यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

कृणाल बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. रेवती साकीनाक्याच्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळायची. संध्याकाळी दोघं जेट्टीवर चहा प्यायला भेटत. तिथंच एकदा तिला कळलं, की हा एवढा मोठा बाप्या रोजची कमाई आईच्या हातावर ठेवतो आणि सकाळी चहाचे पैसे तिच्याकडूनच मागून घेतो.

"लाज नाही वाटत रे?"

"लाज कसली? आमच्यात बाप्यानं दर्यातून आणायचं, बाईनं विकायचं. पैसा बाईच्या कमरेला. माझ्या आजोबांची पण हीच गत होती."

ती खूप हसली. पण त्या रात्री घरी, आई पदराला हात पुसत बाबांच्या खुर्चीशी उभी राहिलेली दिसली आणि तिचं हसू विरलं.

"अहो, थोडे पैसे हवे होते," आई म्हणाली.

"कशाला?" बाबांनी विचारलं.

मधुकरराव वाईट नव्हते. आजवर एकदाही नाही म्हणाले नव्हते. फक्त विचारायचे. आणि आई दर वेळी सांगायची... दुधाला, शिंप्याला, भाचीच्या बारशाला. लहानपणीच रेवतीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की या "कशाला?"चं उत्तर आपण जन्मात कुणाला द्यायचं नाही.

म्हणूनच साखरपुडा झाल्यावर कृणाल मोठ्या उत्साहानं म्हणाला, "रेवा, कांदिवलीच्या घराचं डिपॉझिट जमवायचंय ना? दोघांचं एक खातं उघडूया," तेव्हा तिनं विषयच बदलला. लग्नाला तिनं एका पायावर हो म्हटलं होतं. खात्याचं नाव काढलं की मात्र कधी तिचं आधार कार्ड सापडेना, कधी फोटो चांगला येईना, कधी ऑफिसात ऑडिट निघे.

"तुझं ऑडिट आहे का चातुर्मास?" कृणालनं एकदा विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्यावर भरोसा नाय का?"

त्या प्रश्नानंतर टाळणं शक्यच नव्हतं. एका शनिवारी ती त्याच्यासोबत अंधेरीच्या बँकेत जाऊन बसली, पर्स घट्ट पोटाशी धरून.

समोरच्या नीलम मॅडम चटपटीत होत्या. "पहिलं नाव कुणाचं?"

"हिचं," कृणाल म्हणाला.

"आणि व्यवहार कुणी करायचे? फक्त पहिल्या खातेदारानं, दोघांपैकी कुणीही, की दोघांच्या सह्या लागतील?"

"फक्त हिनं," तो तितक्याच सहज म्हणाला. "कार्ड हिचं, मेसेज हिच्या फोनवर. मी नुसता भरणार."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. रेवतीनंही पाहिलं. मनावरचं मणाचं ओझं क्षणात उतरलं! आता कुणाला काही विचारायला नको, कुणाला उत्तर द्यायला नको. त्याच्या डिझेलचा वास येणाऱ्या हाताची तिनं टेबलाखाली करंगळी धरली. किती आवडतो हा आपल्याला, किती!

मॅडम झेरॉक्स काढायला गेल्या. दोघं बाकड्यावर येऊन बसले. कृणाल तिच्याकडे झुकला.

"समज, खातं चालू झालं. आता पहिली मागणी... मॅडम, थोडे पैसे द्या ना."

"कशाला?" रेवती म्हणाली.

शब्द तोंडातून निघाला आणि ती दचकली. तोच सूर... अगदी बाबांचा.

"उसाच्या रसाला," कृणाल लाडात म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं गं?"

मग तिनं सगळं सांगून टाकलं. आईचा पदर, बाबांची खुर्ची, हरवलेलं आधार कार्ड जे मुळी हरवलंच नव्हतं. "मला वाटायचं, मागणारी व्हायचं नाही. पण विचारणारी झाले तर, कृणाल? तेही नकोय मला."

"अगं, मला काय फरक पडतो? मी जन्मभर आईकडे मागतोय."

"तुला नाही पडत. मला पडतो. तू माझ्यापुढे हात पुढे करून उभा राहिलेला मला नाही आवडणार."

"खरं सांगू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला भीती वाटते. इंजिनाचा एखादा पार्ट आवडला की मी मागचापुढचा विचार करत नाय. आईच्या हातात पैसा असतो म्हणून निभतं. माझ्या हातात दिलास आणि वाट लागली तर?"

"तर आपली दोघांची लागेल," रेवती म्हणाली. "पण माझा भरोसा आहे. त्या दिवशी विचारलं होतंस ना? आहे."

कृणालनं डोळे एकदा मिटून उघडले... त्या पहिल्या रविवारसारखे.

नीलम मॅडम परत आल्या, तेव्हा दोघं एकदमच म्हणाले, "दोघांपैकी कुणीही!"

"नक्की?"

"नक्की," रेवती म्हणाली. "मेसेजही दोघांना."

घरी ही बातमी ऐकून कमळबाईंनी कपाळावर हात मारला. "दोघांच्या हातात? मंग सांभाळणार कोण गो?" त्या पुढे बराच वेळ स्वतःशी पुटपुटत होत्या.

खातं सुरू झालं. एका दुपारी ऑफिसात रेवतीचा फोन वाजला: खात्यातून पैसे गेल्याचा पहिला मेसेज. तिची बोटं आपोआप चालली, "कशा" इथपर्यंत टाइप झालं. तिनं ते पुसलं. फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला.

संध्याकाळी तो साकीनाक्याला बाइक घेऊन उभा होता. हँडलला पिशवी.

"विचारलं नाहीस, पैसे कशाला काढले ते?"

"नाही."

"विचार ना."

"नाही विचारणार, जा!"

"अगं पण मला सांगायचंय!" तो कळवळून म्हणाला. "आज तुमच्याकडे जेवायला येतोय. बाबांसाठी पापलेट घेतलंय, आईकडून. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडून मासळी विकत घेतली, यार! तिनं भाव पण कमी केला नाय."

रेवतीनं हसत पिशवी उघडली. पापलेटाच्या पोटाला बोट लावलं, कल्ला उचलून पाहिला. इतके रविवार काही वाया गेले नव्हते.

"कृणाल... हे कालचं आहे."

"काय बोलतेस!" त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "तिनंच पिशवीत घातलं. मी बघितलं पण नाय. आई आहे ना माझी!"

"तुझ्या आईनं त्या पहिल्या रविवारचं उट्टं काढलं."

"मग काय करणार?" तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मागे उभं राहून मान हलवायला माझ्यासाठी कोण होतं?"

रेवती बाइकवर मागे बसली आणि तिनं हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली.

"चल वेसाव्याला, बदलून आणू," ती म्हणाली. "आता मी आहे ना मागे."