मिठाखालचं चर्च

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे. इकडे शेगडीजवळ या. दिव्याची वात जरा मोठी करते, मला विजेचा उजेड संध्याकाळी सोसत नाही. नोव्हेंबरात आमच्या ल्यूनेबुर्गला दुपारची कॉफी प्यायली की दिवस संपलाच म्हणायचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हे कोणापुढे काढत नाही. लोक म्हणतील, वीब्के बोस्टेलमान म्हातारी झाली, तिला काहीबाही ऐकू येतं. म्हणेनात का!

त्या रविवारी मी भावाकडे भाजीचं भांडं घेऊन निघाले होते. एवढंच काम. कुरळ्या कोबीची भाजी, वर दोन जाड सॉसेज, भांड्याला टॉवेल गुंडाळलेला. हिनर्क माझा धाकटा भाऊ. त्याची बायको गेशे मार्चमध्ये वारली, आणि तेव्हापासून हा बाबा ब्रेड आणि कॉफीवर दिवस ढकलत होता. मृतांचा रविवार होता तो. त्या दिवशी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक ठोका. सकाळी सेंट निकोलाईत गेशेचं नाव वाचलं, आणि तिचा नवराच तिथे नाही! मला इतका राग आला होता म्हणून सांगू. भाजी द्यायची आणि चांगले चार शब्द सुनवायचे, असं ठरवूनच मी घराबाहेर पडले.

हिनर्क राहायचा मिठाच्या कारखान्यामागे, उतरत्या वस्तीत. उतरती म्हणजे खरंच खाली उतरणारी. आमच्या गावाने हजार वर्षं पायाखालचं खारं पाणी उपसलं, भट्ट्यांवर आटवलं आणि मीठ उत्तरेला धाडलं. त्या मिठावर ही विटांची उंच घरं उठली, चर्चं उठली. आणि खालून जमीन गेली. मिठाच्या कामगारांचं लांबर्टीचं चर्च होतं, अगदी कारखान्याच्या दारात. ते इतकं कललं, की माझ्या पणजीच्या काळात पाडून टाकावं लागलं. आता तिथे नुसता चौक आहे, पोरं सायकल शिकतात.

त्या वस्तीतल्या लोकांना घर हलण्याचं काही वाटत नाही. दार घासायला लागलं की खालून रंधा मारतात आणि कामाला जातात. पण एक गोष्ट घरोघर असते. भिंतीला तडा गेला की तो बुजवायचा नाही. तड्यावर आडवी प्लॅस्टरची पट्टी मारायची आणि ओली असतानाच तिच्यावर तारीख कोरायची. पट्टी शाबूत असली तर घर थांबलेलं आहे. पट्टी तुटली तर घर चाललंय, सामान बांधा. पालिकेचे इंजिनियर पीपर दर महिन्याला येऊन फक्त ती पट्टी बघायचे. हिनर्कची पट्टी दोन वर्षं जुनी, शाबूत. त्याच आठवड्यात ते मला बाजारात भेटले होते.

"काळजी करू नका, बोस्टेलमान बाई," म्हणाले. "तुमच्या भावाचं घर सगळ्या गल्लीत शहाणं आहे. वसंतापर्यंत राहू दे त्याला खुशाल."

मी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. धुकं नव्हतं, वारा नव्हता. गल्लीत चिटपाखरू नाही. दार ढकललं तर ते अर्ध्यावर अडकलं. खांदा लावला, तेव्हा कुठे करकरत उघडलं.

"हिनर्क! अरे, दाराला रंधा मारायला हात मोडले का तुझे?"

आत दिवा नव्हता. ओल्या चुन्याचा वास येत होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास... हिनर्क कारखान्यातून घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना यायचा तो, गरम मिठाचा. कारखाना बंद पडून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती.

मी भांडं ओट्यावर ठेवलं आणि काडी ओढली. समोरच ती भिंत होती. पट्टीवर तारीख दोन वर्षांपूर्वीचीच, पण पट्टी पांढरीशुभ्र दिसत होती. मी तिच्यावर अंगठा ठेवला. अंगठा आत रुतला.

तुमच्या लक्षात येतंय ना? पट्टी तुटत होती, आणि हा गाढव दर वेळी नवी मारून तिच्यावर जुनी तारीख कोरत होता. ती पीपर साहेबांना दाखवत होता. ओली पट्टी म्हणजे जुनी त्याच दिवशी तुटली होती. घर त्या क्षणी, माझ्या पायाखाली, चाललेलं होतं.

तेवढ्यात घंटा वाजली.

निकोलाईची घंटा मी ओळखते, योहानिसचीही ओळखते. ही त्यांतली नव्हती. आवाज बाहेरून आलाच नाही. तो माझ्या बुटांच्या तळव्यांतून वर आला.

तळघराचं दार उघडं होतं. खालून उजेड येत होता. मी भिंतीला धरून उतरले.

हिनर्क एका पालथ्या खोक्यावर बसला होता, टोपी हातात घेऊन. त्याच्यासमोर मागची भिंत खालपासून वरपर्यंत फाटलेली. फटीतून मेणबत्त्यांचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. आणि त्याचा चेहरा... इतका निवांत मी तो कधी पाहिला नव्हता, लग्नातसुद्धा नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता बाहेर हो. घर पडतंय."

"हळू बोल ना, वीब्के. प्रार्थना चाललीय."

"कुणाची प्रार्थना?"

त्याने जरा सरकून मला जागा दिली. "बघ."

मी डोकावले.

खूप खोल होतं. चर्चच्या सज्ज्यातून खाली बघावं, तसं मी बघत होते. विटांचे खांब, त्यांच्या अंगावर मिठाचा सायीसारखा पांढरा थर, वर कमानी, आणि त्या कमानींना टोक दिसेना. खाली माणसं उभी होती, रांगांवर रांगा. पुढे कातड्याचे एप्रन बांधलेले भट्टीवाले, ताठ टोप्यांच्या बायका, आणि बाजूच्या रांगांत आमच्यासारख्या कपड्यांतलीही. ऑर्गन वाजत होता, अगदी हळू. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. तिथे काही कललेलं नव्हतं. जन्म गेला माझा या गावात, पण इतकं सरळ उभं असलेलं काही मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. माझे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. भीती होतीच हो. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, आणि त्याच्यापुढे भीती कुठल्या कुठे गेली.

"लांबर्टी..." मी म्हटलं.

"हं."

"पण ते तर पाडलं ना. वीट न् वीट विकली."

"विकली," हिनर्क म्हणाला. "आणि तरी हे आहे. आता गप्प, नावं वाचतायत."

पाद्री दिसत नव्हता, आवाज मात्र स्पष्ट होता. आमच्याच खेड्यांकडची बोली, जुन्या वळणाची. एक नाव, घंटेचा एक ठोका. पुढचं नाव, पुढचा ठोका.

"ओनो टीटयेन."

मी चमकले. "अरे, ओनो? बेकरीवाला? काल मी त्याच्याकडून ब्रेड आणला! त्याचं नाव मेलेल्यांत कसं?"

"उन्हाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं होतं, आठवतं? डॉक्टरांनी हात टेकले होते. मग तो परत आला."

"मग?"

"ऐक पुढे."

"फ्राउके लूअर्स," आवाज म्हणाला. ठोका. ही शाळकरी पोर. एप्रिलमध्ये इल्मेनाऊ नदीत बुडाली होती, पुलावरच्या लोकांनी केस धरून बाहेर काढली. तिच्या नावावर खाली कुणीतरी हुंदका दिला.

हिनर्क माझ्या कानाशी आला. "आपल्यातून जे खाली जातात त्यांची नावं आपण वाचतो. यांच्यातून जे वर परत येतात, त्यांची हे वाचतात. आपले वाचले ते यांचे गेले, वीब्के. मी सगळी नावं ऐकली. गेशेचं नाव नाही वाचलं. कसं वाचतील? ती तिथेच आहे. तिसरी रांग, खांबाशेजारी, निळा रुमाल."

मी पाहिलं. पाठमोरी होती. पण गेशेची मान मी ओळखणार नाही का? गाताना ती डावीकडे डोकं झुकवायची. तशीच झुकवून गात होती.

"फट अजून थोडी रुंद झाली की माणूस मावेल," हिनर्क म्हणाला. "आता फार वेळ नाही. म्हणून तर पट्ट्या मारत बसलो. त्या पीपरने मला आधीच बाहेर काढलं असतं तर..."

वर भिंतीत काहीतरी फाटकन तुटलं. छतातून माती पडली. फट आमच्या डोळ्यांदेखत हातभर उघडली आणि आतून गरम, खारट वारा आला. हिनर्क उभा राहिला आणि त्याने टोपी खोक्यावर ठेवली.

मी त्याची बाही धरली. सुनवायला आलेले चारही शब्द मी विसरले होते.

"आणि मी?" मी म्हटलं. "गेशे तिथे आहे, तुझी गावभरची माणसं तिथे आहेत. माझं इथे कोण आहे रे? आई-बाबा गेले. माझा ओटो लढाईवरून आलाच नाही, लग्नाचा पोशाख पेटीतच राहिला. पुढच्या वर्षी निकोलाईत तुझं नाव वाचतील, आणि ते ऐकायला पहिल्या बाकावर मी एकटी बसू? मी नाही बसणार. मला तू हवा आहेस, हिनर्क. मेलेला नको, हा असा, मूर्ख, दाढी वाढलेला हवा आहेस."

तो फटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. नाक ओढून म्हणाला, "कोबी केलायस का?"

"केलाय."

"सॉसेज?"

"दोन. दोन्ही तुझी."

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला, लहान पोरासारखा. मी त्याला बखोटीला धरून जिन्यावर ओढला. पायऱ्या एकमेकींपासून सुटत होत्या. वर स्वयंपाकघरात ती ओली पट्टी दोन तुकडे होऊन जमिनीवर पडली होती. मी त्याला दारातून गल्लीत ढकललं आणि स्वतः भांडं घ्यायला मागे वळले. हो, भांड्यासाठी! त्याला दोन सॉसेज कबूल केली होती ना.

म्हणून जे ऐकलं ते मी एकटीने ऐकलं. ऑर्गन थांबला होता. खालून तो आवाज आला, शांत, सावकाश.

"हिनर्क बोस्टेलमान."

घंटेचा ठोका पडला. आणि मग एक बाई रडायला लागली. गेशे कधी मोठ्याने रडायची नाही, आतल्या आत आवंढे गिळत रडायची. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा त्या रडण्याजवळ मी आठवडाभर बसले होते. तेच रडणं होतं ते.

"काय ग, काय म्हणाले?" हिनर्कने बाहेर विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चल, भाजी गार होतेय."

पहाटेपर्यंत घर खचलं. पीपर साहेबांना तळघरात गळ्याइतकं खारं पाणी मिळालं, बाकी काही नाही. आता तिथे कुंपण आहे आणि गवत आहे. हिनर्क तेव्हापासून माझ्याकडे, नदीच्या या अंगाला, पक्क्या जमिनीवर राहतो. जेवतो, पत्ते खेळतो, माझ्याशी भांडतो. मला पश्चात्ताप? मुळीच नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओढून आणीन.

फक्त एक आहे. पुढल्या वर्षी, त्याच रविवारी सकाळी, मी त्याला उठवायला गेले. खोली गार पडलेली, ओल्या मातीचा वास. आणि त्याच्या पांघरुणावर, छातीपासून पायांपर्यंत, फर झाडाच्या ताज्या हिरव्या फांद्या अंथरलेल्या, कडेने नीट एकसारख्या. थंडीआधी थडगं झाकतो ना आपण, तशा. त्याच दुपारी गेशेच्या थडग्यावर मीही तशाच घातल्या. पांघरुणावरच्या मात्र हिनर्क उठायच्या आतच मी गोळा करून शेगडीत जाळल्या होत्या. त्याला सांगितलं नाही. त्यानंतर दर वर्षी त्या रविवारी तसंच. ओनोला एकदा विचारलं, तुझ्याही पांघरुणावर असतात का, तर त्याने ब्रेड बांधून दिला, पैसेही घेतले नाहीत.

आज तो रविवार. सकाळी मी टोपली घेऊन गेले. पांघरुणावर एकही फांदी नव्हती. एक काटासुद्धा नव्हता. हिनर्कचे पाय इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गरम लागले. मला आधी बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मग मनात आलं, थडग्यावरच्या फांद्या माणसं कधी काढतात? वसंत आला की. नाहीतर थडगं उघडायचं असलं की.

तो आत आहे, दाढी करतोय. काळा कोट मागितला माझ्याकडे, दिला मी काढून. ऐकू येतंय तुम्हाला? वस्तरा मधेच थांबतो... ऐका... आणि तो कुणाला तरी म्हणतो, "हो ग, हो. आलोच."