मसुराएवढं टोक

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

प्रश्न खुळचटच होता. काउंटरवर काय ठेवलंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शिंगाच्या मुठीचा, घडी घातलेला, बोटभर लांबीचा चाकू होता तो. पण दप्तरखान्याच्या दारातल्या त्या काउंटरवर बसायला लागून त्याला जेमतेम महिना झाला होता. त्या महिन्यात लोकांनी त्याच्याकडे पिशव्या, छत्र्या, हेल्मेटं, एकदा तर अख्खं कलिंगड ठेवायला दिलं होतं. चाकू कुणी दिला नव्हता. आणि तोही एका मुलीने, खिशातून रुमाल काढावा इतक्या सहज!

"याला चाकू म्हणतात," ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "आत न्यायला बंदी आहे ना? म्हणून तुमच्या हवाली करतेय. नीट सांभाळा हं, म्हातारा आहे."

"किती म्हातारा?"

"तुमच्या-माझ्या वयाची बेरीज केली तरी पुरायची नाही."

"माझं वय तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज केला," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे हसली.

त्याने चाकू सतरा नंबरच्या कप्प्यात ठेवला आणि पितळी बिल्ला तिच्यापुढे सरकवला. बिल्ला उचलताना तिची बोटं दिसली. नखांच्या कडांना माती, आणि तर्जनीवर जुना, पांढरा पडलेला वण. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती आत गेली, दार मिटलं, तरी ओल्या मातीचा वास काउंटरपाशी थोडा वेळ रेंगाळला. त्याने पुढच्या माणसाला छत्रीऐवजी चपला काढून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा चाकू वेगळा होता. काळ्या लाकडाची मूठ, त्यावर पितळेच्या तीन टिकल्या. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा.

"कालचा कुठे गेला?" त्याने विचारलं.

"घरी. आज याची पाळी."

"म्हणजे किती आहेत?"

"तेवीस. एकालाच रोज फिरवलं तर बाकीचे रुसतात."

आता रोज काउंटरवर दोन-चार वाक्यं व्हायची. मागे कुणी उभं नसेल तर दहा-बारा. ती एका रोपवाटिकेत गुलाबांची कलमं करायची. सकाळी काम, दुपारी इथे. दप्तरखान्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परवान्यांच्या फायली होत्या. त्यांतून ती चाकू बनवणाऱ्यांची नावं, त्यांचे शिक्के, त्यांच्या गल्ल्या शोधून वहीत उतरवायची. तिला त्यांचं पुस्तक करायचं होतं.

"लोक तलवारींवर ढीगभर लिहितात," ती एकदा तणतणली. "तलवारीने कधी कुणी पेरू कापून शेजाऱ्याला अर्धा दिलाय?"

त्याला पटलं. त्याला तिचं सगळंच पटायला लागलं होतं.

तिच्यामुळे त्याला कळायला लागलं, की खलाशाच्या चाकूला टोक नसतं, हलत्या बोटीत कुणाला खुपू नये म्हणून. द्राक्षं खुडणाऱ्याचं पातं पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं असतं. काही चाकूंना खटकाच नसतो. पातं उघडं ठेवायला अंगठा दाबून धरावा लागतो, आणि धरणारा चुकला की बोट गेलं.

"उघडून बघू?" एका दुपारी त्याने विचारलं.

"बघा. असं नाही... नख या खाचेत. आणि हा अंगठा इथे..." तिने त्याचा अंगठा धरून जागेवर आणला. पातं हलकेच उघडलं. त्याला पातं काही दिसलं नाही.

"खिशात नसला तर कसं वाटतं?" त्याने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"घराला कुलूप लावलं की नाही, असं दिवसभर वाटत राहतं." तिने अजून हात काढला नव्हता. मग एकदम काढला. "म्हणून तर तुमच्याकडे देताना जिवावर येतं."

"अजूनही?"

"आता... कमी."

त्या दिवशी त्याने घरी जाताना दोन बसथांबे चुकवले.

सगळ्यांत लाडका तो पहिल्या दिवशीचा, शिंगाच्या मुठीचा. तिच्या आत्याचा. आत्यानेच तिला कलम करायला शिकवलं होतं. आता आत्याचे हात थरथरतात, म्हणून तो तिच्याकडे आला होता. तो खिशात असला की ती काउंटरवर ठेवण्याआधी अंगठ्याने एकदा त्याची मूठ पुसायची. हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला फार लागलं.

एका सोमवारी बिल्ल्यांचा खण अडकला. आत एक बिल्ला आडवा पडला असावा. खण ना पुढे ना मागे. समोर सहा जणांची रांग, आणि नेमक्या दप्तरखान्याच्या प्रमुख बाई फेरीवर आलेल्या.

"काय चाललंय? लोक उभे आहेत!" बाई कडाडल्या.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी पट्टी नव्हती, स्क्रूड्रायव्हर नव्हता. सतरा नंबरच्या कप्प्यात शिंगाची मूठ होती. पुढचं त्याने विचार न करता केलं. नख खाचेत, पातं बाहेर, टोक खणाच्या फटीत... आणि जरा जोर.

टक्.

खण उघडला. रांग हलली. बाई पुढे गेल्या. त्याच्या तळहातावर मसुराएवढा पोलादाचा तुकडा होता.

पाच वाजता ती बाहेर आली, बिल्ला दिला. त्याने चाकू दिला. घडी घातलेला. घडीत टोक दिसत नाही. तिने नेहमीसारखी मूठ पुसली, खिशात टाकला, "येते हं" म्हणाली आणि गेली. तो बोलायला तोंड उघडत होता... निदान त्याला तसं वाटलं. प्रत्यक्षात त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

मंगळवारी ती लाकडी मुठीचा घेऊन आली. "कसा आहे आजचा?"

"छान आहे."

बुधवारी, "कसा आहे?"

"छान आहे."

"तुम्हाला बरं नाही का?" तिने विचारलं. त्याच्याकडे पाहतच राहिली. तो रजिस्टरात काहीतरी लिहायला लागला. लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्याने तारीख पुन्हा गिरवली.

गुरुवारी संध्याकाळी ताई शिवणाच्या क्लासवरून घरी आली तर हा पठ्ठ्या स्टुलावर चढून स्वयंपाकघरातली फडताळं पुसत होता. डबे उतरवलेले, त्यांच्यावरची कळकट झाकणं घासून लख्ख. ताई दारातच थांबली. भावाला ती ओळखून होती. लहानपणी याच्या हातून काही फुटलं की हा न सांगता घर आवरायला घ्यायचा.

"काय मोडलंस?" ताईने विचारलं.

"कुठे काय?"

"फडताळं पुसतोयस म्हणजे मोठंच काहीतरी मोडलंस. उतर खाली."

तो उतरला. तिथेच खाली बसून त्याने सगळं सांगितलं. खण, बाई, टोक. खिशातून कागदाची पुडी काढून तुकडाही दाखवला. ताईने तो चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"एवढ्यासाठी चार दिवस जेवण गोड लागत नाहीये तुला?"

"तिच्या आत्याचा आहे गं तो."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्याने एक लख्ख झाकण पुन्हा पुसायला घेतलं. ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अस्सं होय," ती म्हणाली. तिला हसू आवरेना. "चाकूचं नाही, चाकूवालीचं आहे हे. अरे वेड्या, उद्या जाऊन सांग. तिला आपलं आपण कळलं, तर मग तुझं तोंड बघायची नाही ती. आणि ते डबे वर कोण ठेवणार? मी?"

शुक्रवारी तो दप्तरखाना उघडण्याआधी दारात येऊन उभा राहिला. ती दुपारी यायची हे माहीत असूनही. ती आली तेव्हा मागे कुणी नव्हतं. तिने खिशात हात घातला आणि त्याने बिल्ल्यासोबत पुडी काउंटरवर ठेवली.

"हे तुमचं आहे. सोमवारी माझ्या हातून तुटलं. खण उचकटायला मी तुमचा चाकू वापरला. विचारायला हवं होतं. वापरायलाच नको होता."

तिने पुडी उघडली. तुकड्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सोमवारी इथून परत जाऊन एक कलम करायचं राहिलं होतं. पातं उघडलं तेव्हाच दिसलं."

"मग तुम्ही..."

"वाट बघत होते. मंगळवारी, बुधवारी, काल. रोज विचारत होते ना, कसा आहे आजचा?" तिने तुकडा बोटाने कागदावर सरकवला. "टोकाचं एवढं काही नाही हो. चाकू आहे तो, तुटतो. पण मी तुमच्यासमोर उभी राहायचे आणि तुम्ही खाली बघून 'छान आहे' म्हणायचात. माझी सगळ्यांत लाडकी वस्तू मी तुमच्याकडे ठेवत होते."

"सांगितलं असतं तर..." आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नसतात. मला तेवढीच भीती होती. बाकी बाईंनी नोकरीवरून काढलं असतं तरी चाललं असतं."

तिने पुडीची घडी घातली, खिशात ठेवली, आणि आत न जाता ती आल्या पावली परत गेली. बिल्ला काउंटरवरच राहिला.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. दार उघडलं की त्याची मान वर व्हायची, आणि कुणाची तरी छत्री असायची. सतरा नंबरचा कप्पा त्याने कुणाला दिला नाही. आठ दिवस गेले. ताईने विचारणं सोडून दिलं; फक्त त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढायला लागली.

नवव्या दिवशी, पाचला दहा कमी असताना, ती काउंटरसमोर उभी होती. शर्टाच्या बाह्या तशाच दुमडलेल्या. चेहरा उन्हाने थोडा रापलेला.

त्याने घाईघाईने बिल्ला काढला. "आता... दहाच मिनिटं राहिलीत. आत जाऊन काही वाचून व्हायचं नाही."

"आत जायचं नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर किती वाजता येता, ते विचारायला आलेय."

तो पाच वाजायच्या आत बाहेर होता. तशी हिंमत त्याने नोकरीत पहिल्यांदाच केली.

दोघं चालायला लागली. कुठे जातोय हे त्याने विचारलं नाही.

"आत्याकडे गेले होते," तीच म्हणाली. "तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली... म्हणाली, अगं, माझ्या हातून दोनदा तुटलंय ते टोक. एकदा तर बरणीचं झाकण उघडताना. तेव्हा पातं करंगळीच्या नखाएवढं जास्त लांब होतं म्हणे."

"म्हणजे माफ केलं?"

"टोकाचं आत्याने केलं. गप्प बसल्याचं मी अजून ठरवतेय."

"कधीपर्यंत ठरेल?"

"घाई आहे?"

"हो," तो म्हणाला. या वेळी त्याने खाली पाहिलं नाही. खाली पाहिलं ते तिने.

एका अरुंद गल्लीच्या टोकाला धार लावणाऱ्या आजोबांचं दुकान होतं. भिंतीभर कात्र्या आणि विळ्या, मधोमध पायाने फिरवायचं दगडी चाक. फायलींतली नावं शोधता शोधता ती इथपर्यंत पोहोचली होती. आजोबांच्या पणजोबांचा शिक्का तिच्या वहीत होता.

"आजोबा, टोक तुटलंय!" ती ओरडली.

"कोण रुसलंय?" आजोबांनी चाकावरून मान वर न करता विचारलं.

"टोक! तुटलंय!"

"असं होय. ओरडू नकोस, गल्ली गोळा होईल," आजोबा म्हणाले. त्यांनी चाकू उघडून डोळ्यांजवळ नेला. "नवं टोक काढतो. पातं जरा आखूड होईल, पण काम देईल. कुणी तोडलं?"

"यांनी," तिने बोट दाखवलं.

आजोबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तरी सोबत घेऊन फिरतेस?" असं म्हणून ते चाकावर बसले.

चाक फिरायला लागलं. पोलाद दगडाला टेकलं आणि सगळं दुकान त्या आवाजाने भरून गेलं. ठिणग्या आजोबांच्या पायाशी पडून विझत होत्या. ती त्याच्या शेजारी उभी होती, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. त्या गोंगाटात तिने त्याच्याकडे वळून काहीतरी म्हटलं.

"काय?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. काही नाही.

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

"काही नाही हो!"

चाकाचा वेग कमी झाला. चाक थांबलं. आजोबा चष्म्यावरून दोघांकडे बघत होते.

"काही नाही कसं?" ते म्हणाले. "'तू काउंटरवर नसलास तर मी तिथे कशाला येऊ' असं म्हणाली. पन्नास वर्षं या चाकापाशी बसून कान गेले माझे, पण ओठ सगळे कळतात, पोरी."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कान मात्र उघडे राहिले, आणि ते लालबुंद झाले होते.

"'तू' म्हणाली?" त्याने आजोबांना विचारलं. त्याला बाकीच्या वाक्यापेक्षा तेवढा एकच शब्द पुन्हा ऐकायचा होता.

"'तू' म्हणाली. स्पष्ट."

तो तिच्याकडे वळला. तिने बोटांच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत लाजही होती आणि थोडा धीटपणाही – आता ऐकलंयस ना, मग बोल की!

"आजोबा," तो म्हणाला, "चाक जरा पुन्हा फिरवता का?"

"झालंय टोक. कशाला?"

"मलाही तिला एक सांगायचंय."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग चाकू मिटून तिच्या हातात दिला, भिंतीवरची एक जुनी गंजकी कात्री काढली, स्टूल उचलून चाकाच्या दुसऱ्या बाजूला मांडलं आणि त्या दोघांकडे पाठ करून बसले.

चाक फिरायला लागलं.