धरून ठेवलेला सूर

भुताखेताची गोष्ट म्हटली की लोक अमावास्येची रात्र मागतात. ही गोष्ट मे महिन्यातल्या एका मंगळवारची आहे, दुपारी दोनच्या टळटळीत उन्हातली. जिनदत्त मगदूम सांगलीहून औंधला निघाला तेव्हा त्याच्या मनात भीतीबीती काही नव्हती, असलीच तर थोडी घाई होती. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप आणि एक स्पीकर. तो जोडून द्यायचा, चालू करायचा आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचं, एवढंच काम.

जिनदत्तचा धंदा त्याच्या सासऱ्यांना अजून नीटसा कळलेला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रात वाजायचे ते सिंथेसायझर आता मिळत नाहीत, मिळाले तर चालत नाहीत. त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर हुबेहूब काढणारी सॉफ्टवेअरं तो लिहायचा. हुबेहूब म्हणजे किती, तर जुनं यंत्र तापलं की त्याचा सूर केसभर सरकतो, म्हातारं झालं की थरथरतो, ती थरथरसुद्धा तो मोजून उतरवून घ्यायचा. “आवाजाला खोड पाहिजे, तरच तो जिवंत वाटतो,” असं तो बायकोला, प्रीतीला, ऐटीत सांगायचा. माणसाला आपल्या हुशारीची ऐट असावी, पण बेताची.

औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी बनुबाईचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. तीन आठवड्यांपूर्वी एका जुन्या यंत्राचा माग काढत जिनदत्त तिथे पहिल्यांदा पोचला होता. यंत्र सापडलं, आणि नवल म्हणजे ते चालू होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत लोखंडी कॉटशेजारी मांडलेलं. त्याच्या एका काळ्या पट्टीच्या फटीत काडेपेटीची काडी खोचून ती पट्टी दाबून ठेवली होती, पेटीवाले सूर धरून ठेवायला खोचतात तशी. एकच सूर सलग वाजत होता. काळी चार. बायका गायला बसल्या की मागतात तो.

कॉटवर बनुबाईची मुलगी दीपमाला निजलेली होती. गेली अकरा वर्षं.

बनुबाईनं तेव्हा सगळं सांगितलं होतं. तिचा नवरा नाथाजी ऑर्केस्ट्रात हे यंत्र वाजवायचा, दीपमाला गायची. कोयनानगरचा कार्यक्रम करून येताना घाटात टेंपो कलंडला. पोरगी घरी आली ती अशीच, डोळे मिटलेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढले तरी डोक्यावरून पाणी.

“मालकांनी तिचा सूर लावून ठिवला उशाशी,” बनुबाई म्हणाली होती. “तशी जरा निवांत श्वास घ्याया लागली. मग रातीला लाईट गेली. सूर थांबला, तसा पोरीचा श्वास बी थांबला. आवं सायेब, मालकांनी पळत जाऊन शेजारच्या जीपची ब्याटरी काढून आणली. सूर आला, तसा श्वास आला. तवापास्नं ह्ये बंद क्येलं न्हाई.”

जिनदत्तला यात योगायोगापलीकडे काही दिसलं नव्हतं. पण नाथाजीला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि यंत्रही आता जायला टेकलं होतं. आतून जळका वास यायचा, सूर मधूनच खाली बसायचा. त्याचे भाग कुठे मिळत नव्हते. बनुबाईनं त्याला यंत्र न थांबवता काय मोजायचं ते मोजू दिलं, एका अटीवर. असंच दुसरं करून आणायचं. यंत्र गेलं तर पोरगी जाणार, हे तिला उद्या सूर्य उगवणार इतकं पक्कं ठाऊक होतं.

तेच दुसरं घेऊन तो आज आला होता. करण्यात त्यानं कसूर ठेवली नव्हती. सांगलीत घरामागच्या त्याच्या कामाच्या बंद खोलीत मोठ्या कॉम्प्युटरवर तोच सूर गेले आठ दिवस अखंड चालू होता, कुठे अडखळतो का ते बघायला. एकदाही अडखळला नव्हता.

बनुबाई दारातच उभी होती. चेहरा पार उतरलेला.

“लवकर चला, सायेब… लय खाली गेलाय सूर. पोरीला श्वास घ्याया येईना झालाय.”

आतल्या खोलीत उजेड घेतलेलाच नव्हता. पत्रा तापून कडकड वाजत होता. जळक्या तारेचा वास, खोबरेल तेलाचा वास, आणि त्या दोन्हींखाली आजाऱ्याच्या अंथरुणाचा जुना वास. यंत्राचा सूर थकून लटपटत होता. तो खाली बसला की दीपमालाची छाती खाली जायची आणि तिथेच राहायची. मग सूर कसाबसा वर यायचा, तशी छाती वर यायची. जिनदत्तनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. योगायोग हा शब्द त्याला पुन्हा आठवला नाही.

त्यानं घाईघाईनं स्पीकर जोडला, लॅपटॉप उघडला, काळी चार लावली. दोन सूर एकमेकांवर घासून लाटा उठायला लागल्या. त्यानं आपला सूर हळूहळू सरकवत यंत्राच्या सुरात मिळवला. लाटा मंद झाल्या. मग थांबल्या. आता कोणता सूर कुठून येतो ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात यंत्रातून ‘टक्’ असा आवाज आला. फटीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि यंत्रावरचा लाल दिवा विझला.

बनुबाईनं मुलीच्या नाकाशी हात नेला. सूर चालू होता, एकट्या लॅपटॉपचा. जिनदत्तनं नकळत स्वतःचा श्वास धरला होता.

“हाय…” ती पुटपुटली. “सायेब… श्वास हाय!”

ती रडत त्याच्या पाया पडायला वाकली. त्यानं तिला मधेच धरलं आणि त्याचेही डोळे भरून आले. आयुष्यात एवढ्या उपयोगाचं काम आपण दुसरं केलेलं नाही, असं त्याला त्या घटकेला मनापासून वाटलं.

आणि दीपमालानं डोळे उघडले.

अकरा वर्षं मिटलेले डोळे. ते पत्र्याकडे बघत राहिले, मग वळून बनुबाईवर आले.

“दीपे… माझी बाय… वळाकलंस का?”

मुलगी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. पापणी हलली नाही.

“कोण तुम्ही?”

“डोक्याला मार लागलेला,” बनुबाई गडबडून जिनदत्तला म्हणाली, जणू मुलीची चूक तिलाच पदरात घ्यायची होती. “इसरली आसंल. हुईल हळूहळू… व्हय न्हवं, सायेब?”

जिनदत्त काही बोलणार, तोच त्याचा फोन वाजला. प्रीतीचा होता. ती इतकी हळू बोलत होती की त्याला फोन स्पीकरवर टाकावा लागला.

“अहो… तुमच्या खोलीत कोणीतरी आहे.”

“कोण?”

“मला काय माहीत! दाराला बाहेरून कुलूप आहे. आताच, पाच मिनिटं झाली असतील… आतून मुलीचा आवाज येतोय. रडतीय. दारावर थापा मारतीय.” जिनदत्तनं यंत्रावरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, तो जाऊनही तेवढीच मिनिटं झाली होती. प्रीती म्हणाली, “ऐका…”

तिनं फोन दाराला लावला असावा. आधी नुसता सूर ऐकू आला, आठ दिवस चाललेला. मग त्याच्या आतून, लांबून आल्यासारखा, एक बारीक आवाज आला.

“बया… ये बया… दार उघड की गं… लय अंधार हाय…”

बनुबाई जागच्या जागी उभी राहिली. तिला आई न म्हणता बया म्हणणारं जगात एकच माणूस होतं. तिनं कॉटकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि जिनदत्तच्या हातातून फोन ओढून घेतला.

“दीपे! आले गं, आले! रडू नगंस… मी हाय हितं!”

“बया…”

“अहो, ही कोण बाई बोलतीय?” प्रीती पलीकडून किंचाळली. “मला नाही सहन होत! हे सगळं तुमच्या त्या आवाजामुळं आहे. मी मेन स्विच बंद करते!”

“प्रीती, नको!” जिनदत्त ओरडला. “हात लावू नकोस त्याला!”

“पोरी, तुझ्या पाया पडते!” बनुबाईनं खरोखरच जमिनीवर डोकं टेकलं, फोन दोन्ही हातांत धरून. “बंद करू नगंस गं… मी येते… आत्ता निघते, मिळंल त्या गाडीनं येते सांगलीला… माझी ल्येक हाय ती… तवर ऱ्हाऊ दे गं चालू… तीन तास… नुस्तं तीन तास…”

पलीकडे फोन दाराशीच टाकलेला राहिला आणि चपलांचा आवाज लांब गेला.

“बया, कुटं हाईस गं…” तो बारीक आवाज म्हणाला.

आणि खटका पडल्याचा आवाज झाला. फोनमधला सूर तुटला. त्याच्यामागे काहीच राहिलं नाही. थोड्या वेळानं प्रीती परत फोनवर आली. “थांबलं,” ती रडत म्हणाली. “आता काहीच येत नाही आतून.”

बनुबाई तशीच जमिनीवर बसून राहिली. फोन तिनं कानाशी घट्ट धरून ठेवला, तो बंद झाल्यावरही. मग तिच्या घशातून एक हुंदका निघाला, घाटात टेंपो कलंडल्याचं कळलं त्या रात्रीही तिनं काढला नसेल असा. जिनदत्तला तिच्याजवळ जाण्याचं धाडस झालं नाही. तिचं लेकरू हाताला आलेलं होतं, आणि ते त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या हातून गेलं होतं.

लॅपटॉप चालूच होता. सूर जराही हलत नव्हता. कॉटवरची छाती वरखाली होत होती, एकसारखी, घड्याळ लावून मोजावी अशी.

मग कॉट करकरली. मुलगी कोपर टेकून उठून बसली. तिनं जमिनीवर रडणाऱ्या म्हातारीकडे नीट निरखून पाहिलं आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्या घरात त्याला सगळे साहेबच म्हणत आले होते, त्याचं नाव तिथे कुणी एकदाही उच्चारलेलं नव्हतं.

“जिनदत्त,” ती ओळखीचं हसून म्हणाली, “ही बाई का रडते आहे?”