दिविजाच्या बंडाची तपासणी

इचलकरंजीत आता लेकरू वयात आलं की आधी दात तपासत, मग डोळे, मग बंड. ते कुठल्या रूपात निघेल आणि घरापासून किती लांब जाईल, हे बंडगणित सांगे. चंद्राक्का मगदूम त्याला थोतांड म्हणत आल्या. पण नात दिविजा 'उसव्यां'त गेली, म्हणजे नव्या कपड्यांची शिवण मुद्दाम उसवून दोरे लोंबते ठेवणाऱ्या पोरांत, आणि शर्टांचे कारखाने चालवणाऱ्या आजीनं थेट डॉ. निगार मुजावरांचं बंडगणिताचं केंद्र गाठलं.

"मॅडम, उसवायला आमचंच घर सापडलं?"

"तुमच्याच घरात होणार, अक्का. जिथं अंगावर धड कपडा नाही, तिथली बंडखोर पोरं कडक इस्त्रीत मिरवतात. फाटकं मिरवायला आधी कपाट भरलेलं लागतं."

"म्हणजे आम्ही कमावलं म्हणून ती उसवते. झकास! आणि लांब किती जाईल?"

"ते घरच्या शिस्तीवर. मूल नेहमी कुंपणाच्या एक पाऊल बाहेर उभं राहतं. कुंपण उंबऱ्याशी असेल तर ते अंगणात असतं. वेशीपर्यंत सारलंत, तर वेशीबाहेर."

अक्का म्हणाल्या, "मी तर आज तिला सांगणार होते, घाल बाई, छान दिसतंय."

"खरंच दिसतं?"

"अहो, कापडाचा एक धागा दुखावत नाही पोरगी! माझ्या कारागिरांना जमायचं नाही."

"मग सांगू नका. घरानं कौतुक केलं की उसवण्यात बंड उरत नाही. पुढची पायरी गणितात स्पष्ट आहे. घर सोडणं."

"आणि ओरडत राहिले तर?"

"तर राहील. रुसून, पण जवळ."

अक्कांनी डॉक्टरीणबाईंना नीट न्याहाळलं. "तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगा. मी त्याला कधीच अडवलं नाही." निगारबाईंनी पडद्यावरची दिविजाच्या गणिताची रेघ पुसली. "कुठं असतो, कळवत नाही."

घरी दिविजा जिन्यात भेटली. बाहीची शिवण मोकळी, निळे दोरे वाऱ्यावर हलत होते. गोड दिसत होती. अक्कांचा हात तिच्या गालाकडे निघाला, तो त्यांनी कमरेवर ठेवला.

"ही थेरं माझ्या घरात चालायची नाहीत!"

"माझे कपडे आहेत, आज्जी!"

पाय आपटत ती वर गेली. तिच्या खोलीचं दार धाडकन लागलं. अक्का त्या बंद दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि उद्या कशावरून ओरडायचं ते ठरवू लागल्या.